माशा का मेल्या?

मेलेल्या जनावरावर माशा घोंगावतात, यात नवल काहीच नाही. नवल वाटायला हवं ते माशाच मरून पडलेल्या दिसल्या तर. वन्यप्राण्यांच्या संशयास्पद मृत्यूंचा तपास करणारे लोक जागेवर गेल्यावर मेलेल्या प्राण्याआधी त्याच्या आजूबाजूची जमीन पाहतात, ती यासाठीच. मांसावर कार्बोफ्युरानसारखं जहाल कीटकनाशक टाकलेलं असेल, तर सगळ्यात आधी तिथं पोचते माशी आणि सगळ्यात आधी मरतेही तीच. तिच्यामागून कावळा, मग घार, कुत्रं, मुंगूस, रात्री कोल्हा. दोन हातांच्या जागेत विषाचा सगळा प्रवास मांडलेला असतो, पण तो वाचता येतो एखादाच दिवस. मुंग्या येतात, ऊन तापतं, कुणीतरी नाकाला रुमाल लावून खड्डा खणतं आणि पुरावा मातीआड जातो.

टेंभुर्णीसारख्या गावात हे वाचता येणं गरजेचं आहे, कारण इथं गाव आणि रान यांच्यात कुंपण असं नाहीच. पुणे-सोलापूर महामार्गावरचं हे माढा तालुक्यातलं गाव. एका अंगाला उजनी धरण आणि भीमेचं पाणी, चहूकडे ऊस, केळी, डाळिंब. पंढरपूरकडे, कुर्डुवाडीकडे फुटणारे रस्ते, ढाबे, एमआयडीसी. ढाब्यामागच्या खरकट्यावर कावळे आणि घारी. जुन्या भिंतीच्या भोकात पिंगळा, गोदामाच्या पत्र्याखाली गव्हाणी घुबड. उसात कोल्हा, रानमांजर, घोरपड. ऊसतोड सुरू झाली की फडातला हा सगळा संसार रातोरात उठतो आणि बांधाबांधानं वस्तीपर्यंत येतो. हे प्राणी आपल्या खरकट्यावर, आपल्या उंदरांवर आणि आपल्या मेलेल्या जनावरांवर जगतात. म्हणून आपण शेतात, गोदामात, गोठ्यात जे औषध वापरतो, ते फिरून त्यांच्याच पोटात जातं.

विष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एकच चित्र येतं : खाल्लं आणि मेलं. खरं तर प्रत्येक विषाची चाल वेगळी असते, आणि प्राणी कुठं मरून पडला यावरून ती ओळखायला मदत होते.

पहिली चाल मज्जातंतूंवरच्या विषाची. थिमेट म्हणून शेतकऱ्यांच्या ओळखीचं फोरेट, मोनोक्रोटोफॉस, कार्बोफ्युरान ही सगळी याच कुळातली. शरीरातला मज्जातंतू स्नायूला आकुंचन पावायला सांगतो, तेव्हा तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचा थेंबही नव्हे, थेंबाचा कण सोडतो. काम झालं की एक विकर तो कण लगेच मोडून टाकतं. हे विकर निसर्गातल्या सर्वांत चपळ विकरांपैकी एक आहे. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो कण मोडतो. या वेगामुळंच चिमणीला पंख फडफडवता येतात आणि आपल्याला हे वाक्य वाचताना डोळे फिरवता येतात. विष नेमकं या विकराला जखडतं. घंटेचं बटण दाबलेलंच अडकून राहावं, तसं मग स्नायूंना थांबायला सांगणारं कुणी उरत नाही. लाळ गळते, अंग थरथरतं, शेवटी श्वासाचे स्नायू दमतात. घार किंवा ससाणा अशा विषानं मेला, तर बऱ्याचदा त्याच्या नख्या घट्ट मिटलेल्या असतात.

पक्ष्यांचं दुर्दैव असं की या कुळातली विषं निष्प्रभ करणारी यंत्रणा त्यांच्या शरीरात सस्तन प्राण्यांच्या मानानं फार तोकडी आहे. कार्बोफ्युरानचा एक दाणा, खरोखर एकच, छोट्या पक्ष्याला पुरतो. दाणा पाखराला बी वाटतो किंवा वाळूचा खडा; पक्षी तर अन्न दळायला खडे मुद्दाम गिळतात. हे विष झटपट काम करतं, म्हणून अशा वेळी मेलेले पक्षी आमिषाच्या जवळपासच, एकापेक्षा जास्त आणि कधी कधी तोंडात घास तसाच असलेले सापडतात.

दुसरी चाल वायूची. उंदरांसाठी मिळणारी राखाडी-काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाईड. पुडीत असो वा पिठात मळलेली, ही पूड शांत असते. उंदराच्या पोटातल्या आम्लाला भिडली की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि जीव काही तासांत जातो. शवविच्छेदन करणारे पशुवैद्य असा प्राणी बंद खोलीत उघडत नाहीत, कारण मेलेल्याच्या पोटातला वायू जिवंत माणसालाही सोडत नाही. या वायूला लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो.

तिसरी चाल सगळ्यांत संथ आणि म्हणूनच सगळ्यांत फसवी. तिची कथा एका दुधाच्या कॅनपासून सुरू होते.

१९३३ चा फेब्रुवारी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बर्फाचं वादळ सुटलेलं. एका शेतकऱ्याच्या गाई एकामागून एक मरत होत्या. किरकोळ खरचटलं तरी रक्त थांबत नव्हतं. पशुवैद्यानं सांगितलं होतं की साठवलेल्या गोड क्लोव्हर गवताला बुरशी लागली आहे, ते घालू नका. शेतकऱ्याला पटेना. त्यानं गाडीत मेलेली कालवड घातली, न गोठलेल्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन ठेवला, त्याच गवताचा भारा टाकला आणि वादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसन गाठलं. पशुवैद्यकीय कचेरी बंद होती. उघडं दिसलं ते रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेचं दार.

लिंक यांच्या चमूनं सहा-सात वर्षं खपून त्या गवतातलं द्रव्य वेगळं केलं. गवतात मुळातच असलेल्या एका निरुपद्रवी सुगंधी रसायनाचं बुरशीनं रूपांतर केलं होतं. ते द्रव्य के जीवनसत्त्वाचं काम बंद पाडतं, आणि के जीवनसत्त्वाशिवाय यकृताला रक्त गोठवणारी प्रथिनं धड बनवता येत नाहीत. याच वाटेवरून पुढं १९४८ मध्ये वॉर्फरिन हे उंदराचं औषध बाजारात आलं. आणि काही वर्षांत तेच वॉर्फरिन माणसांना, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, डॉक्टर लिहून देऊ लागले. टेंभुर्णीतही हृदयाची झडप बदललेल्या एखाद्या आजोबांच्या गोळ्यांच्या डबीत ते आज असेल.

हा शोध का लागला? शेतकऱ्यानं काय काय आणलं ते पाहा : मेलेलं जनावर, त्याचं रक्त आणि त्यानं खाल्लेलं गवत. रोगाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. पण तपासाला लागतं ते सगळं त्यानं, वाया जाण्याआधी, योग्य माणसाच्या दारात नेलं.

आता या विषाचा फसवेपणा. रक्तात आधीच तयार असलेली गोठवणारी प्रथिनं संपायला काही दिवस लागतात. तोवर उंदीर मरत नाही. सुस्त होतो, उजेडात भटकू लागतो. गव्हाणी घुबडाला अंधारात नुसत्या चाहुलीवर शिकार करता येते. त्याचे दोन कान डोक्यावर एका पातळीत नसतात, त्यामुळं आवाज डावीकडून आला की उजवीकडून एवढंच नव्हे, वरून आला की खालून, हेही त्याला कळतं. अशा पट्टीच्या शिकाऱ्यापुढं हा झिंगलेला उंदीर म्हणजे आयतं ताट. ब्रोमाडिओलोनसारखी नव्या पिढीची औषधं खाणाऱ्याच्या यकृतात महिनोन् महिने साठून राहतात. एक उंदीर घुबडाला मारत नाही. दहावा, विसावा मारतो. आणि घुबड मरतं ते औषध ठेवलेल्या गोदामापासून लांब, कुठल्या तरी चिंचेखाली, कुणाला काही संबंध लागणार नाही अशा जागी. उंदीर कमी करायला जे औषध ठेवलं, त्यामुळं रात्रपाळीला फुकट उंदीर पकडणाराच गेलेला असतो.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की मेलेला पक्षी दिसला म्हणजे विषच. याच घाईला आवर घालायला हवा.

२०२५ च्या मार्चमध्ये सोलापूर शहरात किल्ला आणि तलावांच्या परिसरात कावळे, घारी, बगळे मरून पडू लागले. असे पक्षी पटापट पडले की पहिली शंका पाण्यात किंवा खाण्यात कुणी काही कालवल्याची येते. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि उत्तर आलं : बर्ड फ्लू. त्याच वर्षी जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे मेले, तिथंही हाच विषाणू निघाला. बर्ड फ्लू झालेला कावळा तोल जाऊन पडतो, मान वाकडी करतो, थरथरतो. मज्जातंतूंवरच्या विषानंही थेट तसंच दिसतं. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक करणं अनुभवी पशुवैद्यालाही कठीण जातं.

याच्या नेमकं उलट घडलं ते गिधाडांच्या बाबतीत. नव्वदच्या दशकात भारतभर गिधाडं माना टाकून बसू लागली आणि फांदीवरून खाली पडू लागली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. एवढ्या झपाट्यानं मरतात म्हणजे साथच असणार, असा बऱ्याच तज्ज्ञांचा कयास होता. विषाणू शोधता शोधता वर्षं गेली. पाकिस्तानातल्या पंजाबात काम करणारे अमेरिकी पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी ताजी मेलेली गिधाडं उघडत होते. आतल्या अवयवांवर त्यांना पांढरा, खडूसारखा थर दिसला. ते होतं युरिक आम्ल, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाली होती. विषाणू मिळेना, कीटकनाशक मिळेना. मग त्यांनी वेगळा प्रश्न विचारला : गिधाडं मेलेली गुरं खातात, त्या गुरांना मरण्यापूर्वी कोणतं औषध दिलेलं असतं? स्थानिक औषध दुकानदार आणि पशुवैद्य यांच्याकडून यादी मिळाली आणि तिच्यातलं मूत्रपिंडावर घाव घालणारं एक नाव वर आलं. डायक्लोफिनॅक. मूत्रपिंडं निकामी झालेल्या तपासलेल्या २५ च्या २५ गिधाडांत ते सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही.

गाईच्या दुखऱ्या सांध्याला आराम देणारं, आपणही पाठदुखीला घेतो ते औषध! इथं कुणी विष घातलंच नव्हतं. शेतकऱ्यानं जनावरावर माया केली होती. २००४ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली.

तिसरा दाखला न्यूयॉर्कचा. फ्लॅको नावाचं मोठं घुबड २०२३ च्या फेब्रुवारीत, कुणीतरी पिंजऱ्याची जाळी कापल्यावर, प्राणिसंग्रहालयातून उडालं आणि वर्षभर शहरात मोकळं राहिलं. वर्षभरानं ते एका इमारतीखाली पडलेलं सापडलं. वर वर पाहता इमारतीवर आपटून मेलं. शवविच्छेदनात दोन गोष्टी निघाल्या : कबुतरं खाऊन जडलेला विषाणू, आणि रक्त गोठू न देणाऱ्या चार वेगवेगळ्या उंदीरमार औषधांचा अंश. रोगही आणि विषही, आणि शेवटचा धक्का इमारतीचा.

या तिन्ही प्रकरणांत पहिल्या नजरेला दिसलेलं कारण अपुरं किंवा चूक निघालं. आणि तिन्हींत खरं उत्तर मिळालं ते कुणीतरी शरीर वेळेवर प्रयोगशाळेत पोचवलं म्हणून. गावानं दक्ष राहायचं ते नेमकं यासाठी. न्याय करणं हे आपलं काम नव्हे. साक्ष टिकवणं मात्र आपल्यावाचून कुणालाच जमणार नाही, कारण पहाटे फिरायला जाणारा, दूध घालणारा, पाणी धरायला शेतात जाणारा माणूस वनरक्षकाच्या कितीतरी आधी तिथं असतो.

साक्ष टिकवायची म्हणजे काय? मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवायचं नाही. बर्ड फ्लू असो वा विष, नियम तोच. कुत्री आणि पोरं लांब ठेवायची. मोबाईलवर फोटो काढताना एक जवळून घ्यायचा, एक असा की मागं खांब, विहीर, घर यांपैकी काहीतरी ओळखीचं दिसेल. किती मेले, कोणते मेले, एकाच जातीचे की निरनिराळ्या, हे मोजायचं. नुसते कावळे मेले असतील तर आजाराकडं संशय झुकतो. कावळ्याबरोबर कुत्रं आणि मुंगूसही मेलं असेल तर आमिषाकडं. आसपास मांसाचे तुकडे, पिठाचे गोळे, रंगीत दाणे, उलटी, मेलेल्या माशा दिसतात का ते दुरूनच पाहायचं. मग वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवायचं आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यालाही. पंचनामा होईपर्यंत पुरायचं नाही, जाळायचं तर मुळीच नाही.

पुढचं काम पशुवैद्याचं, पण तेही समजून घेण्यासारखं आहे. विषाची शंका असेल तर यकृत, मूत्रपिंड, पोटातलं अन्न हे सगळं फॉर्मॅलिनमध्ये बुडवत नाहीत, कारण फॉर्मॅलिन रासायनिक तपासणीत घोळ घालतं. त्याऐवजी बर्फात ठेवतात, किंवा मिठाच्या संपृक्त द्रावणात. कोट्यवधींची यंत्रं असलेल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेपर्यंतचा पुराव्याचा प्रवास स्वयंपाकघरातल्या मिठाच्या भरवशावर होतो! मेंदूचा नमुना मिळाला तर त्यातल्या त्या चपळ विकराची मोजणी होते. ते नेहमीच्या निम्म्याहून कमी काम करताना आढळलं, तर मज्जातंतूंवरच्या विषाचा कौल जवळजवळ निश्चित. पक्षी मेला तरी त्याच्या मेंदूत शेवटच्या घटकेचा हिशेब शिल्लक राहिलेला असतो.

जीव शिल्लक असेल तर वेळ आणखी मोलाचा. मज्जातंतूंवरच्या काही विषांवर ॲट्रोपिन आहे, रक्त पातळ करणाऱ्या विषावर के जीवनसत्त्व. थरथरणाऱ्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. हातात जाडसर कापड घेऊन त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा. पण एकगठ्ठा पक्षी मरत असतील तर जिवंतालाही हात न लावता आधी फोनच करायचा.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच विष घालणं येतं, आणि तसा प्रयत्न करणंही. कावळ्याला एके काळी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत ढकललेलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच कायद्यातून काढली. गल्लीतल्या कुत्र्याला विष घालणं हाही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. कोनाड्यात जुना डबा पडून असेल तर तो कामाचा नाही, धोक्याचा आहे.

तरीही कायद्याचा बडगा दाखवून हे थांबेल असं समजणं भाबडेपणाचं ठरेल, कारण विष घालणारा बहुतेकदा आपल्यातलाच गांजलेला माणूस असतो. १ जानेवारी २०२१ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे बछडे मेलेले सापडले. मारलेल्या वासरावर विष टाकल्याच्या संशयावरून एका शेतकऱ्याला अटक झाली. शेजारच्या करमाळा तालुक्यात २०२० मध्ये बिबट्यानं माणसं मारली आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली, तेव्हा उजनीकाठच्या वस्त्यांवर दिवेलागणीनंतर कुणी बाहेर पडत नव्हतं. ती भीती खोटी नव्हती. शेळी नेली, रानडुकरानं मका तुडवला, तर पंचनामा आणि भरपाई वेळेवर मिळणं हा विष रोखण्याचा सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे. अर्ज भरायला मदत करणारा शेजारी हाही पहारेकरीच. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पुराव्याविना कुणाचं नाव टाकणारा पहारेकरी नव्हे. तो तपास बिघडवतो आणि उद्या विषाणू निघाला तर एका निरपराध घराचं आयुष्यही.

आणखी एक गोष्ट गावाला, अगदी बिनखर्चात, करता येईल. सुटा मेलेला कावळा काहीच सांगत नाही. पण सोमवारी ढाब्यामागं तीन कावळे, बुधवारी ओढ्याकाठी घार, शुक्रवारी शेजारच्या वाडीत दोन कुत्री, हे एका पानावर आलं की त्यातून नकाशा उभा राहतो. म्हणून ग्रामपंचायतीत, वाचनालयात किंवा शाळेत एक साधी वही असावी : तारीख, जागा, प्राणी, संख्या, आसपास काय दिसलं, कुणाला कळवलं. नववी-दहावीची मुलं ती उत्तम सांभाळतील. पिंगळा आणि गव्हाणी घुबड यांतला फरकही त्या निमित्तानं शिकतील. वही सुरू करायला पहिल्या मृत्यूची वाट पाहायची गरज नाही. कोरी असतानाच सुरू केलेली बरी. गावात एरवी किती पक्षी मरतात हे ठाऊक असेल, तरच एखाद्या आठवड्यात जास्त मेले हे कळणार.